पडदा चौकोनी की लांबट? घरगुती प्रोजेक्टर जोडण्याआधीची तयारी

घरगुती प्रोजेक्टर म्हणजे एक खोका: आत दिवा, त्याच्यापुढे पॅनेल, म्हणजे मॉनिटर किंवा लॅपटॉपची चित्र दाखवणारी एलसीडी काच, आणि ते चित्र भिंतीवर मोठं करणारी लेन्स. हा खोका कापायला करवत उचलण्याआधी वही उघडा आणि गेल्या महिनाभरात घरात काय काय पाहिलं ते लिहून काढा. क्रिकेट, यूट्यूब, वेबमालिका हे बहुतेक सगळं १६:९, म्हणजे रुंदी १६ तर उंची ९. दूरदर्शनच्या जुन्या मालिका आणि जुने कृष्णधवल चित्रपट ४:३ च्या आसपास. आपल्याकडे सिनेमास्कोप, म्हणजे खूप लांबट चित्र, आला १९५९ मध्ये, 'कागज के फूल'पासून, तेव्हा त्याआधीचे हिंदी-मराठी चित्रपट चौकोनी धरून चाला. थिएटरात दिसतो तो सिनेमास्कोपचा लांबट पडदा २.३९:१. यादीत सगळ्याचीच सरमिसळ निघाली तर फार विचार करू नका, १६:९ घ्या. त्यावर ४:३ लावलं काय किंवा सिनेमास्कोप लावला काय, दोन्ही वेळा पॅनेलचा साधारण पाव भागच वाया जातो. हेच ४:३ च्या पॅनेलवर सिनेमास्कोप लावला तर ४४ टक्के जातो. मी पहिल्या वेळी स्वस्तात मिळाला म्हणून भंगारातून १५ इंची चौकोनी मॉनिटर उचलला होता. मॅच लावली आणि वर-खाली पट्टे आले. बरं, ते काळेही नव्हते, राखाडी होते. एलसीडी प्रकाश पूर्ण अडवत नाही, थोडा गळतोच.

मग भिंत मोजा. खिडकी, स्विचबोर्ड आणि कपाट सोडून उरते तीच तुमची भिंत. कर्ण १०० इंच धरला तर १६:९ चं चित्र ८७ इंच रुंद आणि ४९ इंच उंच येतं, ४:३ चं ८० बाय ६०. हा फरक कापडाच्या दुकानात अंगावर येतो. पडद्यासाठी घ्यायच्या ब्लॅकआउट, म्हणजे प्रकाश अडवणाऱ्या, कापडाचा पन्हा ५४ इंच मिळाला तर ४९ इंचांचं चित्र त्यात कडेला दुमडायला जागा ठेवून बसतं. ६० इंचांसाठी मधे शिवण घ्यावी लागते, आणि ती शिवण प्रत्येक नटाच्या चेहऱ्यावरून जाते.

पॅनेल याच्यानंतर, आधी नव्हे. लॅपटॉपचा १५.६ इंची पॅनेल साधारण ३४.४ बाय १९.४ सेंटिमीटर भरतो. पाठीमागचा नंबर वाचून त्याच नंबराला चालणारा कंट्रोलर बोर्ड, म्हणजे पॅनेलला चित्र पुरवणारं सर्किट, मागवा. १३६६ बाय ७६८ आणि १९२० बाय १०८० यांची अदलाबदल होत नाही. जुन्या मोबाइलचा डिस्प्ले वापरायचा असेल तर तो एलसीडीच हवा. अमोलेड स्वतःच उजळतो, मागचा दिवा त्यातून आरपार जात नाही.

प्रकाशाचा हिशेबही इथेच करून टाका. दिव्याचा प्रकाश पॅनेलमधून लेन्सकडे वळवणाऱ्या चपट्या फ्रेनेल भिंगामुळे पडणारा झोत गोल असतो आणि त्यात आपण आयत बसवतो. ४:३ चा आयत त्या वर्तुळाचा ६१ टक्के भाग वापरतो, १६:९ चा ५४ आणि २.३९ चा जेमतेम ४५. म्हणून सिनेमास्कोपचा हट्ट घरगुती खोक्यात मला पटत नाही. आधीच अपुरा असलेला दिवा आणखी कशाला दवडायचा? फ्रेनेल मात्र पॅनेलच्या कर्णाएवढं हवं, रुंदीएवढं घेतलंत तर कोपरे अंधारे राहतील.

अंतरही आधीच काढून ठेवा. पॅनेलची ३४.४ सेंटिमीटर रुंदी पडद्यावर २२१ सेंटिमीटर, म्हणजे ८७ इंच, करायची म्हणजे ६.४ पट. ३२० मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्सला त्यासाठी भिंतीपासून सुमारे २.३७ मीटर लागतात. मागे खोक्याची लांबी धरली की १० फुटी खोली संपलीच.

पडद्याच्या कडेला काळ्या मखमलीची पट्टी लावा. सिनेमास्कोपच्या रात्रीसाठी वर आणि खाली सरकवता येतील अशा आणखी दोन पट्ट्या शिवून ठेवा, ते राखाडी पट्टे त्यांच्याखाली झाकले जातात. पंखा आणि हवेची वाट विसरू नका. पॅनेल फार तापला की चित्र मधोमध काळं पडतं.

हे सगळं झालं की भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवून ठरलेल्या मापाचा आयत करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. तिसऱ्या दिवशी घरच्यांना विचारा. आमच्याकडे तो चार इंच खाली आला, कारण आईला मान वर करून पाहायला जमत नव्हतं. खोका जोडलात की पडद्यावर एक वर्तुळ दाखवून बघा. ते अंडाकृती दिसलं तर बोर्डाची सेटिंग चुकली आहे. तोवर कुठलंच भिंग डिंकाने चिकटवू नका.