घरच्या अभ्यासाची घडी बसत नाही? या चुका टाळा

संध्याकाळी सात वाजले की ‘अभ्यासाला बस’ सुरू होतं. पोरगं बसतं, तासभर पुस्तक उघडं असतं, आणि घटक चाचणीत मात्र काहीच आठवत नाही. आईबाबा म्हणतात, लक्ष नाही. माझं म्हणणं असं की आपण त्याचं बसणं मोजतो, त्याला काय आलं ते विचारत नाही. इथेच सगळं बिघडतं.

‘झाला का अभ्यास?’ हा प्रश्न

याचं उत्तर ‘हो’ हेच येणार. त्याऐवजी पुस्तक मिटायला लावा आणि सांगायला लावा. समजा, चौथीचं पोर शाइस्ताखानाचा धडा तीनदा वाचून उठलं. विचारा, ‘खान उतरला कुठे होता?’ लाल महाल आठवेल. ‘मग महाराजांना त्या वाड्याची खडान्‌खडा माहिती कशी?’ इथे ते थबकेल. लगेच उत्तर सांगू नका, थोडा वेळ जाऊ द्या. नाहीच आलं तर तेवढाच परिच्छेद पुन्हा वाचू द्या. बालपण त्याच वाड्यात गेलं होतं, हे ते आता सहसा विसरणार नाही.

रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर असाच प्रयोग केला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे निघाले. म्हणून रात्री घडाघडा म्हणून दाखवलं, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. तोच धडा दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा विचारा. पाढ्यांचंही तसंच. रोज दोनपासून सुरुवात करण्यापेक्षा मधूनच ‘सात आठे किती?’ विचारावं.

कूलरच्या खोलीत सगळेच

आपल्याकडे विदर्भात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा अख्खं घर एका कूलरसमोर येतं. तिथेच टीव्ही, तिथेच मोबाइल, तिथेच पोराची वही. मग त्याच्या डोक्यात काय शिरणार? मार्च-एप्रिलमध्ये अभ्यास पहाटे घ्या, हवा बरी असते, घरही शांत असतं. दुपारी बसवायचंच असेल तर तेवढा अर्धा तास टीव्ही बंद, आणि मोठ्यांचेही मोबाइल दुसऱ्या खोलीत.

पहाटे उठवायचं तर रात्री वेळेवर झोपवावं लागेल. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. अकराला झोपवून पाचला उठवलेलं पोर वहीवर पेंगणारच, आणि तो आळस नव्हे.

त्याची वही आपण पूर्ण करणं

प्रोजेक्टचा तक्ता आई रंगवते, निबंध बाबा सांगतात, मूल उतरवून काढतं. शाळेत शाबासकी मिळते, पण मुलाला पक्कं कळतं की हे आपल्याच्यानं होत नाही. तक्ता वेडावाकडा जाऊ द्या! गणित अडलं तर सोडवून देऊ नका. ‘इथपर्यंत कसा आलास?’ एवढं विचारा. बहुतेकदा सांगता सांगताच त्याला चूक सापडते.

तरीही बसतच नसेल तर

आधी बघा, शाळा आणि ट्यूशन करून ते घरी किती वाजता टेकतं. सात वाजता आलेल्या मुलाला लगेच बसवणं मला पटत नाही. खाऊ द्या, खाली खेळू द्या. मग दहा मिनिटांपासून सुरुवात करा. जागा ठरलेली, वेळही ठरलेली. रोज बिनबोभाट बसायला लागलं की वेळ वाढवा. शेजारच्याचे मार्क मध्ये आणू नका, त्यानं फक्त चीड वाढते.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिले काही आठवडे गृहपाठ कमी असतो, तेव्हाच ही घडी बसवावी. पुढे पोळा, पोरांचा तान्हा पोळा, मारबतीची मिरवणूक, गणपती एकापाठोपाठ येतात आणि ती मोडते. मोडू द्या. सणाच्या दिवशी लाकडी बैल घेऊन निघालेल्या पोराला घरात ओढू नका. दुसऱ्या दिवशी बुडालेलं सगळं भरून काढायचा हट्टही नको, नेहमीच्या वेळी नेहमीएवढंच बसवा.