चवथीच्या घरात पिल्लू सांभाळायचं तर

आमचं तिरफळ म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, गावठी, काळंकुट्ट. मिरगाच्या पावसात जेटीवरच्या जाळ्यांखाली सापडलं, म्हणून घरी आलं. गेल्या वर्षी २७ ऑगस्टला गणपतीची चवथ होती, तेव्हा ते चार महिन्यांचं झालं होतं. कुत्र्याचे दुधाचे २८ दात याच सुमारास पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत पक्के ४२ येतात. म्हणजे घरात वर्षातलं सगळ्यात जास्त सामान आणि पिल्लाच्या हिरड्यांची सगळ्यात जास्त शिवशिव, दोन्ही एकाच आठवड्यात. मला हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर छताला फळं-पानं बांधतात त्या चौकटीचं सामान पडवीत पसरलं होतं. कवंडळं, कांगल्या, तेरडा, आंब्याचे टाळे, तवशी, सुपारीचं शिपटं. लाईट गेलेली. भावजी बॅटरी धरून माटवी बांधत होते आणि मी नारळ सोलत होते. तेवढ्यात आयेंचा आवाज आला, "अगो, तेच्या तोंडाक फेस येता, बघ!" तिरफळाच्या तोंडातून लाळेची धार लागली होती, पाय लटपटत होते आणि पुढ्यात अर्धी चावलेली ओली सुपारी पडली होती.

डॉक्टरांनी फोनवर चार गोष्टी विचारल्या. काय खाल्लं, किती, कधी आणि पिल्लाचं वजन किती? पहिलीचं उत्तर मला माहीत होतं. वजनाला मी "मांजराएवढं" म्हटलं. त्यावर ते एक क्षण गप्प राहिले, ते मला अजून ऐकू येतं. ओकाऱ्या होऊन, सलाईन घेऊन पिल्लू दुसऱ्या दिवशीच्या आरतीपर्यंत उभं राहिलं. डॉक्टर नंतर म्हणाले की सुपारीतलं अरेकोलीन हे द्रव्य पूर्वी कुत्र्यांना जंतांवर औषध म्हणून देत असत. ते ऐकून भावजी दोन दिवस जंत पडले का ते बघत होते.

तर यंदा काय करायचं ते सांगते. सगळ्यात आधी पिल्लाला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकटीने, आणि वजाबाकी करायची. आकडा फ्रिजवर लिहून ठेवायचा आणि त्याच्याखाली डॉक्टरांचा नंबर. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना सुट्टीच्या दिवशी बंद असू शकतो, म्हणून चवथीत कोण भेटणार आहे ते आठवडाभर आधी विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट, माटवी बांधून झाल्यावर तिचा फारसा धोका नसतो. ती छताला असते, पिल्लू जमिनीवर. धोका असतो आदल्या दिवशी, सामान पडवीत असताना, आणि नंतर, फळं सुकून खाली गळायला लागली की. म्हणून सामान आता आम्ही जमिनीवर पसरतच नाही. बाकड्यावर ठेवतो, आणि शिपटं तर आल्या आल्या खुंटीला टांगतो. रोज सकाळी केर काढताना माटवीखालचं फळ न् फळ उचलायचं.

कळलावीबद्दल जास्त सावध राहा. लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फूल फार देखणं, पण कंदापासून बियांपर्यंत सगळ्या झाडात कोल्चिसिन हे विष असतं. लक्षणं कधी कधी कित्येक तासांनी दिसतात, त्यामुळे "खाल्लं पण काही झालं नाही" या भरवशावर थांबू नये. पूजेच्या परडीतली कण्हेरही तशीच, लाल काय आणि पिवळी काय. दोन्ही हृदयावर जातात. जास्वंद आणि दूर्वा पिल्लाने खाल्ल्या तर मी फक्त ओरडते.

माळ्यावरून सजावटीची पेटी उतरवताना पिल्लाला मागच्या खोलीत कोंडा, हे मी हात जोडून सांगते. कोकणातल्या दमटपणात मखराचे पडदे टिकावेत म्हणून आपण पेटीत डांबरगोळ्या टाकतो. वर्षभरात त्या झिजून शेंगदाण्याएवढ्या होतात आणि पडद्याच्या घडीतून घरंगळतात. त्यातलं नॅप्थलीन रक्तातल्या लाल पेशी फोडतं. हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा लघवी गडद झाली तर दवाखाना. आणि माळ्यावर उंदराचं औषध ठेवलेलं असतंच. ते कोणी ठेवलं ते कधीच कोणाला आठवत नाही. त्यातल्या बऱ्याच वड्या रक्त गोठू देत नाहीत आणि पहिले तीन-चार दिवस पिल्लू अगदी ठणठणीत दिसतं. वडी कुरतडलेली दिसली की त्याच दिवशी वेष्टन घेऊन जा. या प्रकारावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे, पण कोणतं औषध होतं ते डॉक्टरांना कळायला हवं.

माळा, म्हणजे दिव्यांच्या. मखरामागच्या सगळ्या वायरी भावजींनी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपातून नेल्या, वर चिकटपट्टी. बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विच) आहे का ते वायरमनकडून बघून घ्या, माणसांसाठीही. पिल्लाने वायर चावलीच तर त्याला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद. नंतर ते शेपटी हलवत आलं तरी डॉक्टरांना दाखवाच, कारण शॉकनंतर काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं.

बॅटरीच्या पणत्या आणि आरत्या म्हणणारी खेळणी यांत नाण्यासारखा सेल असतो. सीआर२०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड आणि ३ व्होल्टचा. तो अन्ननलिकेत अडकला तर तासाभराच्या आत आतून भाजतं. इथे उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, सरळ गाडी काढा. ज्या खेळण्याच्या झाकणाला स्क्रू नाही, ते आमच्याकडे शोकेसच्या वरच्या फळीवर जातं.

हाराचा दोरा, जरीच्या झिरमिळ्या, भेटवस्तूची रिबीन हे सगळं एकाच जातीचं. नाडी ओढल्यावर लेंग्याला चुण्या पडतात ना, तशा दोरा अडकल्यावर आतड्याला पडतात, आणि मग ऑपरेशनच करावं लागतं. तोंडातून किंवा मागून टोक लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही. निर्माल्याच्या बादलीला झाकण हवं, झाकणावर पाट्याचा वरवंटा.

आता चाकरमानी. माझ्या मते चवथीत पिल्लाला सगळ्यात मोठा धोका यांच्या बॅगांचा. रात्रभराच्या प्रवासाने थकलेला माणूस बॅग पडवीत टाकतो आणि अंघोळीला जातो. बॅगेत पोरांसाठी चॉकलेट, साखर वाढलेल्या काकांसाठी शुगर-फ्री मिठाई आणि बाजूच्या कप्प्यात ताप, अंगदुखी, प्रेशर यांच्या गोळ्या. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन आपल्याला साध्या वाटतात, कुत्र्याला नाहीत. चॉकलेट जितकं काळं आणि कडू, तितकं त्यात थिओब्रोमीन जास्त. काळ्यात मिल्क चॉकलेटच्या दुपटीहून जास्त असतं. शुगर-फ्रीच्या डब्यावर झायलिटॉल किंवा ई ९६७ लिहिलंय का ते वाचा. त्याने कुत्र्याची साखर अर्ध्या-एक तासातही धाडकन उतरू शकते. पाहुण्यांना हे सगळं समजावत बसले असते तर मोदक कोणी केले असते? पुतण्याने पडवीत पुठ्ठा लावला, "बॅग खुंटीला, नाहीतर तिरफळाला." त्याने काम झालं.

प्रसादावरून मात्र घरात भांडण झालं. पंचखाद्यात मनुका असतात आणि द्राक्षं-मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. एखाद्याला चार मनुकांनी काही होत नाही, एखाद्याला होतं. २०२१ मध्ये पशुवैद्यांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं, आणि ते चिंचेतही असतं, म्हणून आमटीसुद्धा बंद. आये म्हणाल्या, "देवाचो प्रसाद तेका नको?" तोडगा असा निघाला की उकडीची एक पारी सारण न भरता वाफवायची. ती तिरफळाची.

कापूर देवळीत, उंच. समईची तुपात भिजलेली वात पिल्लाला खाऊच वाटते, म्हणून समईसमोर चौरंग आडवा. आणि आरतीच्या वेळी एक माणूस फक्त पिल्लाचा. पाळी लावा, नाहीतर प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघतोय. भजनाचे टाळ-मृदुंग आधीच्या आठवड्यात मोबाईलवर बारीक आवाजात ऐकवले होते, त्याचा थोडा फरक पडला. फटाक्यांना पडला नाही. त्या वेळी मागची खोली, पंखा जोरात आणि चावायला फ्रीजरमध्ये गोठवलेला ओला पंचा. हिरड्यांना थंड लागतं, चपला वाचतात. रात्री गर्दी आहे म्हणून खळ्यात बांधू नका. आमच्या बाजूला बिबट्या कुत्र्यांसाठीच येतो.

काही खाल्लंच तर मीठ-पाणी पाजू नका. जुना उपाय आहे, पण त्या मिठानेच पिल्लू जाऊ शकतं. दूधही उतारा नव्हे.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी घर सुनं असतं आणि सगळे झोपलेले. त्या दिवशी मी एकटी कोपरे झाडते. गेल्या वर्षी मखरामागे चार कांगल्या, रिबिनीचा तुकडा, एक सेल आणि मुंबईच्या काकांची उजव्या पायाची चप्पल मिळाली. काका डाव्या पायाची घालून गेले होते की काय, ते विचारायचं राहिलंच. चप्पल कुरिअरने पाठवली.