रबर आधी बघा, इंजिन नंतर

निपाणीकडचा एक पोरगा मध्यंतरी मोबाईलवर फोटो घेऊन आला. हिरो होंडाची लाल करिझ्मा मोटारसायकल, 2007 ची, फेअरिंग पुसून चकचकीत केलेली. विकणारा म्हणे, ‘इंजिन एक नंबर, हात लावलेला नाही.’ पोरगा विचारतो, ‘काका, घेऊ का?’ मी म्हटलं, मागच्या टायरवर चार आकडे काय आहेत ते आधी सांग. त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, तीस वर्षं लेथवर काढली. माझ्याकडे 2006 ची करिझ्मा आहे, दुसऱ्या हाताने घेतलेली. मीटरवर 91 हजार पडलेत. इंजिन मी एकदाच उघडलं आणि तेही चुकून. ती गोष्ट पुढे येते.

2003 साली ही गाडी आली तेव्हा लांब पल्ल्याला जाणाऱ्यांना आपल्याकडे असं दुसरं फारसं काही नव्हतं. 223 सीसीचं हवेवर थंड होणारं इंजिन, होंडाच्या माती-डोंगरात चालणाऱ्या गाड्यांच्या कुळातलं. 17 पीएसच्या आसपास ताकद, पाच गिअर, 15 लिटरची टाकी, वारा अडवणारी अर्धी फेअरिंग. आजच्या पोरांना हे आकडे किरकोळ वाटतात. पण महामार्गावर 80-85 च्या वेगाने तासन् तास जायचं तर हे इंजिन कुरकुरत नाही. म्हणूनच विकणारा त्याचंच कौतुक सांगतो. इंजिन किलोमीटरने झिजतं आणि वेळच्या वेळी ऑइल मिळालं तर फार सावकाश झिजतं. रबराचं तसं नाही. गाडी शेडमध्ये झाकून ठेवली तरी ते मरतंच. वीस वर्षांच्या गाडीत रबर किती ठिकाणी असतं, हे आपण मोजत नाही.

घ्यायला जाल तेव्हा

सकाळी लवकर जा आणि न सांगता जा. गेल्या गेल्या इंजिनला हात लावा. गरम लागलं तर गाडी तुमच्यासाठी आधीच सुरू करून ठेवली होती, म्हणजे थंडीत ती नखरे करते. निळा धूर, इंजिनच्या वरच्या भागाची खडखड, ऑइलची गळती हे कोणताही मेस्त्री बघून सांगेल, त्यावर मी वेळ घालवत नाही.

टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत आणि टायर आठ वर्षांचा, असं जुन्या गाडीत हमखास सापडतं, कारण ती चाललेलीच नसते. नख दाबून बघा. नख रुतत नसेल आणि नक्षीच्या खाचेत बारीक चिरा असतील तर त्या टायरवर पावसात गोव्याकडचा चोर्ला घाट उतरायचा विचारही करू नका. माझ्या गाडीला पुढे 2.75-18 आणि मागे 100/90-18 लागतात. दोन टायरांचे पैसे गाडीच्या किमतीतून तिथल्या तिथे वजा करून बोला.

मग डबल स्टँडवर लावून पुढचं चाक उचलायला कोणाला तरी मागे वजन द्यायला सांगा. हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवा. बरोबर मधोमध ‘टक’ करून अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. तसाच पुढचा शॉकअप दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. खेळ लागता कामा नये. शॉकअपच्या नळीवरून बोट फिरवा. बोटाला तेल लागलं तर ऑइल सील संपलं. तेही रबरच.

आता माझी फजिती. गाडी घेतल्यावर वर्षभराने थ्रॉटल सोडला-धरला की खालून ‘कटकट’ यायला लागली, घाटात जास्त. तीस वर्षं गिअर-शाफ्टशी खेळलेला माणूस मी, मला वाटलं गिअरबॉक्स. एका मेस्त्रीलाही तेच वाटलं. दोघांनी मिळून इंजिन उतरवलं, केस फोडली, दोन बेअरिंग बदलली, गॅस्केट नवे टाकले. साडेनऊ हजार गेले. गाडी जोडली, आवाज तसाच. दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीने चाक हातात धरून दोनदा हलवलं आणि म्हणाला, ‘हब रबर.’ मागच्या हबमध्ये, स्प्रॉकेटच्या मागे, रबराचे तुकडे बसवलेले असतात. इंजिनचा झटका चाकाला थेट लागू नये म्हणून. ते दबून पातळ झाले की लोखंड लोखंडावर आपटतं. इंजिनच्या खर्चापुढे त्या रबराची किंमत सांगायचीही लाज वाटते.

तपासायची रीत सोपी आहे. गाडी डबल स्टँडवर, गिअरमध्ये. मागचं चाक पुढे-मागे झटका. चाक हलतंय पण स्प्रॉकेट जागेवरच आहे, तर रबर गेलं. नवं मिळेपर्यंत जुने मेस्त्री सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून मध्ये सारतात. घरी पोचण्यापुरतं ते चालतं. त्यावर वर्ष काढू नका.

कागद

सीमेवर राहण्याचा हा एक खास त्रास आहे. कोल्हापूरला एमएच-09 ची गाडी स्वस्तात दिसते आणि जीव सुटत नाही. पण दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर कायद्याने इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, आणि मग इथला रोड टॅक्स. तिकडे भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी खेटे घालावे लागतात. एवढं करूनही परवडत असेल तरच घ्या. केए-22 किंवा केए-23 ची गाडी दोन-चार हजारांनी महाग पडली तरी मी तीच घेईन. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात.

दुसरं म्हणजे आरसीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. माझी 2021 ला संपली. पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला नेऊन नूतनीकरण करावं लागतं, ग्रीन टॅक्सही भरावा लागतो. मुदत उलटलेली गाडी घेत असाल तर तो खर्च आणि हेलपाटे आधी विकणाऱ्याच्या गळ्यात घाला. तपासणीला जाण्याआधी हँडलखालच्या मुंडीवरचा चेसिस नंबर बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ करा. वर कागद धरून पेन्सिल घासली की छाप स्वच्छ उठला पाहिजे. गंजामुळे एक आकडा उठला नाही म्हणून मला परत पाठवलं होतं. पेपर जोरात घासून आकडाच घालवू नका, त्याचा खुलासा करणं फार अवघड जाईल.

उसाचं पेट्रोल

आमच्या जिल्ह्यात ऊस आहे, कारखाने आहेत, डिस्टिलऱ्या आहेत. इथलं इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं आणि 2025 पासून पंपावर साधारण वीस टक्के मिश्रण मिळतंय. शेतकऱ्याचा त्यात फायदा आहे, मी नाही म्हणत नाही. माझ्या भावकीतच ऊस आहे. पण 2006 च्या गाडीतलं रबर या पेट्रोलसाठी बनवलेलं नाही. पेट्रोलची जुनी नळी आधी कडक होते, मग टोकाशी चिरते. ओ-रिंग फुगतात. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे गाडी उभी राहिली की टाकीच्या आणि कार्बोरेटरच्या तळाशी पाणी साचायची भीती.

या गाडीचा कार्बोरेटर सीव्ही जातीचा आहे. तुम्ही थ्रॉटल फिरवता तेव्हा कार्बोरेटरच्या आतल्या पिस्टनला केबल ओढत नाही. इंजिनची ओढ एका पातळ रबरी डायफ्रामच्या जोरावर त्याला वर उचलते. त्या डायफ्रामला सुईएवढं भोक पडलं तरी गाडी सुरू होते, स्लोला, म्हणजे थ्रॉटल न देता, छान चालते आणि थ्रॉटल दिला की दम टाकते. लोक प्लग बदलतात, कॉइल बदलतात, पेट्रोलला शिव्या देतात. वरचं झाकण काढा, डायफ्राम उजेडासमोर धरा, हलक्या हाताने ताणून बघा. भोक दिसतंच. बसवताना कडेची रबरी कडी खाचेत नीट बसली नाही तर झाकण दाबताना नवीनच डायफ्राम फाटतो, म्हणून घाई नको.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडालाही अशाच चिरा पडतात. गाडी स्लोवर ठेवून त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. स्लो बदलला तर तिथून हवा शिरतेय. या तपासणीला पेट्रोल शिंपडणारे मेस्त्री मी पाहिलेत. सायलेन्सर शेजारी तापलेला असताना हा शहाणपणा करू नका.

मी गाडी घेतल्यावर सगळ्या नळ्या, फ्लोटची ओ-रिंग, डायफ्राम, इनटेकचा जोड, डिस्क ब्रेकची रबरी नळी आणि हब रबर अशी एक यादी केली आणि जे मिळेल ते एकेक बदललं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलतो, तेही ओल धरतं. इंजिन ऑइल 10डब्ल्यू-30, डब्यावर ‘जासो एमए’ ही मोटारसायकलच्या ऑइलची खूण लिहिलेलं. मोटारीचं ऑइल भारी असतं म्हणून टाकू नका. या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घसरायला लागतो.

फेअरिंगचे तुकडे मिळणं हेच खरं दुखणं. फेअरिंगचा तुटलेला कान, म्हणजे स्क्रू बसतो ती पट्टी, फेकू नका, प्लास्टिक वेल्डिंगवाला जोडून देतो. लोखंडी सामानाची आपल्याला चिंता नाही. उद्यमबागेत स्विंग आर्मचा बुश, स्पेसर, फूटरेस्टची पिन, काहीही करून मिळतं. पण मी स्वतः लेथवाला आहे म्हणून सांगतो, चाकाचा अॅक्सल आणि ब्रेकचा कोणताही भाग लेथवर करून घेऊ नका. माप शंभर टक्के बरोबर येईल, पण तो रॉड कुठल्या ग्रेडचा होता हे करणाऱ्यालाही माहीत नसतं.

रस्ता

बेळगावातून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत गोवा आहे, कोल्हापूर आहे, त्याहून जवळ आंबोली. कोल्हापूरचा महामार्ग या गाडीचा सगळ्यात लाडका. तवंदी घाटसुद्धा चौथ्या गिअरवर निघतो. चोर्ल्याची गोष्ट वेगळी. उतरताना गिअर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे दिसतात. या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहे, सतत दाबून धरला की तो तापून ढिला पडतो. ज्या गिअरने घाट चढला असता त्याच गिअरने उतरा, ब्रेक फक्त वळणाआधी. चढताना ट्रकच्या मागे पहिल्या गिअरवर रांगायची वेळ आली तर बाजूला थांबून पाच मिनिटं इंजिनला वारा द्या. रेडिएटर नाही, पुढून वारा लागला तरच ते थंड होतं. पावसाळ्यात कणकुंबीच्या पुढे झाडांच्या सावलीत डांबरावर शेवाळ धरतं आणि बाजूची तांबडी माती वाहून वळणावर येते. तिथे नवा टायरसुद्धा पकड धरत नाही, गाडी झुकवू नका.

मला घाटापेक्षा जास्त भीती वाटते ती हंगामातल्या संध्याकाळची. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणीकडे गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या टोकांखाली झाकलेला. करिझ्माचा 35 वॅटचा दिवा आणि समोरून येणाऱ्याचा पांढरा उजेड, या दोन्हींमध्ये ती ट्रॉली तुम्हाला दहा फुटांवर दिसते. कारखान्याजवळ पडलेलं पाचट आणि चिपाडं ओली झाली की साबणासारखी घसरतात. मी हंगामात दिवेलागणीनंतर त्या रस्त्यांना जात नाही. कुठेही असलो तरी पाहुण्यांकडे मुक्काम.

सामान डाव्या बाजूला जास्त ठेवा. सायलेन्सर उजवीकडे आहे. माझ्या सॅडल बॅगेच्या उजव्या कप्प्याला भोक पडून रेनकोटचा पाय वितळला होता, आणि हे मला पाऊस सुरू झाल्यावर कळलं. चेनला वर-खाली साधारण 25 ते 30 मिलिमीटर ढील, तीही तुम्ही सामानासकट बसल्यावर एकदा तपासून. जवळ एक क्लच केबल, प्लग, फ्यूज, ट्यूब आणि हातभर पेट्रोलची नळी असली की माझं भागतं.

पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत गंज धरायला हवा उरत नाही. मग पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू ढिला करा आणि उरलेलं पेट्रोल बाटलीत काढा. दसऱ्याला बाहेर काढाल तेव्हा पहिल्याच दिवशी गोवा गाठू नका. जांबोटीपर्यंत जा, वीस-पंचवीस किलोमीटर होतात. चहा सांगा आणि तो येईपर्यंत मागच्या हबला हाताची पाठ लावून बघा. चटका बसला तर ब्रेक शू घासतोय. मग गाडीखाली वाकून पेट्रोलच्या नळीच्या दोन्ही टोकांना बोट लावा. कोरडं असेल तर पुढे कणकुंबी. ओलं लागलं तर चहा प्या आणि सावकाश परत फिरा.