लिव्हर सेल लाइनमध्ये ग्लायकोजेनचं जीन नॉकआउट करायचंय? मग हे आधी बघा

गाइड आरएनए (क्रिस्परमध्ये कॅस९ या डीएनए कापणाऱ्या प्रोटीनला नेमक्या जीनपर्यंत नेणारा तुकडा) मागवायच्या आधी एक काम नक्की करा, जे जीन उडवायचंय ते तुमच्या सेल लाइनमध्ये चालू तरी आहे का ते क्यूपीसीआर (जीनचा आरएनए मोजणारी टेस्ट) आणि वेस्टर्नने (प्रोटीन दाखवणारी टेस्ट) बघून घ्या. खऱ्या लिव्हरमध्ये ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठा) बनवणारं एन्झाइम जीवायएस२ आणि तोडणारं पीवायजीएल, पण हेपजी२ सारख्या कॅन्सरमधून आलेल्या सेल्समध्ये जीवायएस१ आणि पीवायजीबी हे भाऊबंद पण काम करत असतात. मग तुम्ही जीवायएस२ एकदम नीट उडवता आणि ग्लायकोजेन जवळपास आहे तेवढंच राहतं, कारण दुसरं एन्झाइम काम सांभाळून घेतं. जी६पीसी१ (लिव्हरमधून ग्लुकोज बाहेर सोडायला लागणारं एन्झाइम) चं प्रमाण तर हेपजी२ मध्ये मुळातच कमी असतं, त्यामुळे व्हॉन गिर्के आजाराचं (ज्यात हेच एन्झाइम नसतं) मॉडेल करायचं असेल तर हेपाआरजी ही दुसरी लिव्हर सेल लाइन किंवा स्टेम सेलपासून बनवलेल्या लिव्हर सेल्सचा विचार करा.

गाइड सुरुवातीच्या कॉमन एक्झॉनमध्ये (जीनच्या सगळ्या रूपांत येणाऱ्या तुकड्यात) घ्या, शक्यतो दोन वेगवेगळे. कॅस९ प्रोटीन आणि गाइड एकत्र करून इलेक्ट्रोपोरेशनने (विजेच्या झटक्याने) सेल्समध्ये टाकलं तर कॅस९ काही दिवसांत निघून जातं, पुढे फायदा होतो. मग ९६ खणांच्या प्लेटमध्ये एकेक सेल वेगळी करा. हेपजी२ ला एकटं राहायला आवडत नाही, त्यामुळे कंडिशन्ड मीडिया (ज्यात आधी सेल्स वाढलेल्या आहेत असा) द्या आणि घाई करू नका. सिक्वेन्सिंग करताना लक्षात ठेवा की या सेल्समध्ये ४६ पेक्षा जास्त क्रोमोसोम असतात, म्हणजे एका जीनच्या दोनपेक्षा जास्त कॉपी असू शकतात, आणि ३ च्या पटीतला इंडेल (कापल्यावर डीएनएत वाढलेली किंवा गेलेली अक्षरं) असेल तर प्रोटीन वाचायची फ्रेम तशीच राहते. प्रोटीन गेलंय हे वेस्टर्नवर दिसल्याशिवाय मी तरी क्लोनला (एकाच सेलपासून वाढलेल्या सेल्सना) नॉकआउट म्हणत नाही.

आता खरं काम, मोजणी. ही पद्धत साध्या सेल्सवर आधीच बसवून ठेवा, नॉकआउट हातात आल्यावर नाही. सेल्स थंड पीबीएसने (मिठाच्या बफरने) नीट धुवा, नाहीतर मीडियातला ग्लुकोज मोजला जातो, लगेच उकळून सेल्समधली एन्झाइम्स बंद करा, मग अमायलोग्लुकोसिडेजने ग्लायकोजेन तोडून ग्लुकोज मोजा, आणि प्रत्येक सॅम्पलची एक ट्यूब त्या एन्झाइमशिवाय ठेवा, तो आकडा वजा करायचा. प्रोटीन किंवा डीएनएने नॉर्मलाइज करा. जास्त ग्लुकोजमध्ये साठा भरू द्या, मग ग्लुकोजशिवायच्या मीडियात ठेवा किंवा फोर्सकोलिन (ग्लायकोजेन तोडायला लावणारं औषध) द्या आणि वेगवेगळ्या वेळी मोजा, पीवायजीएलचा नॉकआउट असेल तर तुटण्याचा वेग कमी दिसायला हवा, एकाच वेळेच्या आकड्यावरून ते कळत नाही.

एजीएल (फांद्या काढणारं एन्झाइम) आणि जीबीई१ (फांद्या जोडणारं) च्या नॉकआउटमध्ये नुसतं ग्लायकोजेनचं प्रमाण बघून भागत नाही. एजीएल नसेल तर फॉस्फोरिलेज (पीवायजीएलसारखं तोडणारं एन्झाइम) फांदीपासून ४ ग्लुकोज आधीच थांबतं आणि आखूड टोकांचं ग्लायकोजेन साठतं, जीबीई१ नसेल तर फांद्या कमी, साखळ्या लांब, त्यामुळे आयोडीनचा रंग पण बदलतो, तो स्पेक्ट्रम घ्याच.

एकाच क्लोनवर विश्वास ठेवू नका, किमान ३ वेगळे क्लोन आणि त्याच प्रक्रियेतून गेलेले कंट्रोल क्लोन ठेवा. मग त्या जीनचा सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए कॉपी) परत टाकून फरक भरून येतो का ते बघा, सेलमध्ये कॅस९ कायमचं असेल तर त्या सीडीएनएमध्ये गाइडची जागा सायलेंट बदल (प्रोटीन न बदलणारा) करून वाचवावी लागते. आणि हे सगळं होईपर्यंत पॅसेज (सेल्स नव्या प्लेटमध्ये हलवण्याच्या फेऱ्या) वाढत जातात, म्हणून क्लोन कन्फर्म झाला की त्याच दिवशी सुरुवातीच्या पॅसेजच्या व्हायल्स फ्रीझ करा, मायकोप्लाझ्मा (सेल कल्चरमध्ये शिरणारे बॅक्टेरिया) टेस्ट करून मगच.