एडिट केलेल्या व्हिडिओंची विचित्र नावं: डिलीट करताना या चुका टाळा

फोनमधले व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेतले की एकाच क्लिपच्या दोन-तीन फाइली दिसतात, आणि जागा मोकळी करायच्या भरात नेमकी हवी तीच उडते. आधी नाव नीट वाचा.

सगळ्यात जास्त घोळ आयफोनच्या फाइलींचा. आयएमजी_०४१२ ही मूळ एमओव्ही (म्हणजे व्हिडिओ) फाइल आणि आयएमजी_ई०४१२ ही एडिट केलेली. मध्ये घुसलेला 'ई' लक्षात ठेवा. सोबत त्याच नंबरची अगदी छोटी एएई फाइल येते. ती ना व्हायरस, ना व्हिडिओ. कुठून कापलं, किती उजळ केलं, एवढ्या सूचनाच तिच्यात असतात, त्यामुळे एक्स्टेन्शन (नावातला शेवटच्या टिंबानंतरचा भाग) बदलून ती चालणार नाही. 'ई'वाली ठेवून मूळ उडवणं ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक, कारण कापून टाकलेला भाग फक्त मूळ फाइलीत असतो. आणि त्याच नंबरचा एचईआयसी फोटो शेजारी असेल, तर ती दोन-तीन सेकंदांची एमओव्ही म्हणजे लाइव्ह फोटोचा हलता भाग. तिला डुप्लिकेट समजू नका.

अँड्रॉइडवर गूगल फोटोजमध्ये एडिटची कॉपी सेव्ह केली की नावाच्या शेवटी बहुधा '~२' लागतं. '~२' नसलेली मूळ, ती जपा.

टिंबाने सुरू होणारी नावं लपलेली असतात, फाइल मॅनेजरमध्ये अचानक दिसली की माणूस घाबरतो. '.पेंडिंग' म्हणजे पूर्ण लिहून न झालेली फाइल. एक्स्पोर्ट, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ सेव्ह करणं, चालू असताना ॲप बंद पडलं की ती मागे राहते. नाव बदलून तिच्याशी झगडू नका, एक्स्पोर्ट पुन्हा करा. '.ट्रॅश्ड' मात्र सहसा धडधाकट व्हिडिओ असतो, डिलीट करून ट्रॅशमध्ये गेलेला. पुढचा लांबलचक आकडा तो कायमचा कधी जाणार ते सांगतो. साधारण ३० दिवसांची मुदत असते. हवा असेल तर गॅलरीच्या ट्रॅशमधून लगेच रिस्टोअर करा.

नुसते तेरा आकडे असलेलं नाव बहुधा १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद असतात. १७००००००००००० म्हणजे १४ नोव्हेंबर २०२३, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, भारताच्या साडेपाच तास मागे) २२:१३. पण ही वेळ बहुतेकदा एक्स्पोर्टची, शूटिंगची नव्हे. व्हॉट्सॲपच्या 'डब्ल्यूए' फाइलींवरही शूटिंगची तारीख नसते. पिक्सेल फोन तर नावात यूटीसी वेळ घालतो, म्हणून रात्री बारानंतरची किंवा पहाटेची क्लिप नावावरून चुकीच्या दिवसाच्या फोल्डरमध्ये जाऊ शकते.