लग्नाच्या गाडीवरील टेपचा गम काढताना या चुका टाळा

लग्नसराईत गाडीच्या बॉनेटवर आणि मडगार्डवर फुलांच्या माळा सेलोटेपने चिकटवल्या जातात. वरात आटोपली की माळा ओढून काढतात, आणि टेपचे तुकडे मात्र मे महिन्याच्या उन्हात चार-चार दिवस तसेच राहतात. उन्हाने टेप ठिसूळ होऊन कपच्यांसारखी तुटते आणि तिचा गम रंगावर घट्ट बसतो. त्याच रात्री टेप काढली, तर पुढचे बहुतेक कष्ट वाचतात.

सर्वांत मोठे नुकसान थिनरने होते. कंपनीच्या रंगावरील क्लिअर कोट, म्हणजे सर्वांत वरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा आणि भट्टीत पक्का केलेला असतो, त्यामुळे थिनरचा ओझरता हात तो बहुधा सोसतो. गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या भागाची तशी खात्री नसते. तिथे एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, म्हणजे थिनर उडून जाऊन नुसता वाळणारा रंग, मारलेला असेल, तर कितीही वर्षांनी थिनर लागला तरी तो पुन्हा विरघळतो. माझ्या पुतण्याच्या लग्नानंतर हेच घडले. थोरल्या भावाने थिनर आधी दाराच्या आतल्या कडेवर लावून पाहिला, तिथे काहीच झाले नाही म्हणून निर्धास्तपणे तो मडगार्डकडे वळला, आणि दुसऱ्याच हाताला फडक्यावर लाल रंग उतरला. दाराचा रंग कंपनीचा होता; मडगार्ड मात्र ठोकर लागल्यावर बाहेरून रंगवून घेतलेले होते. तळहाताएवढ्या डागासाठी अख्खे मडगार्ड पुन्हा रंगवावे लागले आणि छटा आजही जुळत नाही. तेव्हापासून मी कोणतेही द्रावण, अगदी आयसोप्रोपाइल अल्कोहोलसुद्धा, ज्या भागावर वापरायचे त्याच भागाच्या झाकलेल्या कडेवर आधी लावून पाहतो.

दुसरी चूक उतावीळपणाची आहे. गाडी न धुता कोरड्या फडक्याने गम घासला, तर धूळच रंगावर ओरखडे काढते. मी गाडी धुऊन सावलीत थंड होऊ देतो, उरलेली टेप हेअर ड्रायरने कोमट करून मागे दुमडत सावकाश सोडवतो, गमावर खोबरेल तेल लावून पंधरा-वीस मिनिटे थांबतो आणि मग अंगठ्याने त्याच्या गोळ्या वळत काढतो. नव्याने शिकणारे नेमके हे थांबणेच टाळतात, आणि दोन मिनिटांत ब्लेड हाती घेतात. शेवटी शाम्पूने तेल धुऊन तेवढ्या भागावर वॅक्स लावावे.

हिरवी घासणी रंगाला कधीही लावू नये. रॉकेलने गम सुटतो, पण त्याचा तेलकट थर धूळ धरून ठेवतो. गरम इंजिनाच्या बॉनेटवर पेट्रोल वापरणे तर सरळ आगीला निमंत्रण आहे.

जुन्या स्टिकरखाली कधी गम पूर्ण निघाल्यावरही गडद चौकोन दिसतो. तो गम नसतो. स्टिकरने झाकलेला रंग मूळचा राहिलेला असतो आणि भोवतालचा उन्हाने फिका पडलेला असतो. तिथे घासत राहिल्यास फक्त क्लिअर कोट झिजतो.