एअर पिस्तुलाचा सिलिंडर कसा भरावा

नवीन नेमबाज ग्रिप आणि ट्रिगरवर तासन्‌तास बोलतो. हवेची आठवण त्याला पहिला सिलिंडर संपल्यावर होते. स्टायर एलपी १०, मोरिनी सीएम १६२ किंवा पार्दिनी के १२, १० मीटरच्या या सगळ्या पिस्तुलांत नळीखाली छोटा सिलिंडर असतो आणि त्यात साधारण २०० बार दाबाने हवा भरतात. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात, यावरून काय ते समजा.

भरण्याआधी सिलिंडरवरची तारीख बघा. बहुतेक कंपन्या १० वर्षांची मुदत देतात. ती उलटली असेल तर सिलिंडर कितीही चकचकीत दिसो, त्यात हवा भरू नका. स्पर्धेतही मुदत सांभाळायची जबाबदारी नेमबाजाचीच असते.

हवा घ्यायची ती रेंजवरच्या स्कूबा (पाणबुड्यांच्या) टाकीतून किंवा हाय-प्रेशर हातपंपाने. ऑक्सिजन कधीही नाही. तेला-ग्रीसचा अंश असला तरी स्फोट होऊ शकतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर इतक्या दाबापर्यंत पोचतच नाही.

पिस्तुलात पेलेट (छर्रा) नाही याची खात्री करून सिलिंडर फिरवून काढा. सिलिंडर टाकीला जोडणाऱ्या अ‍ॅडाप्टरच्या आट्यांवर धूळ असेल तर पुसा आणि सिलिंडर त्यावर हातानेच घट्ट बसवा. आता टाकीचा व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. घाईने भरलेली हवा तापते, गेज (दाबमापक) २०० दाखवतो आणि सिलिंडर थंड झाला की काटा खाली येतो. काटा २०० वर आला की आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, मग ब्लीड स्क्रू उघडून अ‍ॅडाप्टरमधली हवा सोडा. ‘फुस्स’ आवाज थांबल्यावरच सिलिंडर काढा. फिरत नसेल तर आत दाब उरला आहे असे समजा. पाना लावू नका. टाकी ३०० बारची असेल तर नजर गेजवरून हलता कामा नये.

टाकीतच १७० बार उरले असतील तर सिलिंडरही १७० लाच थांबेल. काही बिघडत नाही. पिस्तुलातला रेग्युलेटर सिलिंडरचा दाब उतरवून प्रत्येक शॉटला सारखाच देतो, त्यामुळे सिलिंडर भरलेला असो की अर्धा, अर्ध्या ग्रॅमचा पेलेट सेकंदाला साधारण १५० मीटर वेगानेच सुटतो. ऊर्जा सहा ज्यूलच्या आत. या खेळात जोराला किंमत नाही, सारखेपणाला आहे, कारण दहाचे वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचे. दाब रेग्युलेटरच्या पातळीखाली गेला की मात्र शॉट खाली उतरू लागतात, आणि पोरे बिचारी नेम धरायची साइट फिरवत बसतात. पूर्ण सिलिंडरवर साधारण दीडशे शॉट निघतात. मॅचचे ६० आणि आधीचे साइटर (सरावाचे शॉट) त्यात आरामात बसतात, तरी मॅचला भरलेलाच न्यावा.

जुनी पिस्तुले कार्बन डायऑक्साइडवर चालत. त्या वायूचा दाब तापमानावर नाचतो: २० अंशांना सुमारे ५७ बार, ३० अंशांना ७२. शिवाय भराभर शॉट मारले की सिलिंडर गार पडून दाब उतरतो. आपल्याकडच्या मे महिन्यात असे पिस्तूल बाळगणे म्हणजे छळच. हवेची पिस्तुले आली आणि ती मागे पडली, ते बरेच झाले.

हातपंप वापरत असाल तर मुंबई-कोकणातल्या दमट हवेत मधूनमधून थांबून ब्लीड स्क्रूने पाणी बाहेर काढा, नाहीतर ते सिलिंडरमध्ये जाऊन आतून गंज धरेल. पंप तापला की त्यालाही विश्रांती द्या. भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका आणि विमानाने नेताना रिकामा करून न्या.

गळतीची शंका असेल तर रात्री गेजवरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी बघा. काटा बराच उतरला असेल तर बहुतेक वेळा दोष ओ-रिंगचा (सांध्यातल्या रबरी कडीचा) असतो. ती बदला आणि सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात फिरवा. शिलाई मशीनचे तेल नको.